रोपांसाठी देणगी मिळते, पाणी घालण्यासाठी मिळत नाही

शाळकरी मुलांना संवर्धनाचे शिक्षण प्रत्यक्ष कामातून मिळावे, यासाठी पैसा कोठून आणावा आणि तो कशावर खर्च करावा, याविषयी वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या शाळेला एका माजी विद्यार्थ्याने निसर्गशिक्षणासाठी ठरावीक रक्कम देऊ केली आहे. काही शिक्षकांच्या मते सातवीच्या सर्व मुलांना दूरच्या अभयारण्यात दोन दिवस नेऊन आणावे, म्हणजे ते त्यांच्या जन्मभर लक्षात राहील. इतरांना वाटते की, शाळेमागच्या ओढ्यावर वर्षभर काम करावे. ओढ्यावर पाहण्यासारखे विशेष काही नाही, हे मात्र दोन्ही गटांना मान्य आहे. आम्ही काय करावे? (एक मुख्याध्यापिका)

उत्तर : दोन्ही गटांचे ज्या एका मुद्द्यावर एकमत आहे, नेमका तोच मला मान्य नाही. ओढ्यातला एखादा दगड हलकेच उलटा करून पाहिला, तर त्याच्या खालच्या अंगाला चिकटलेल्या जीवांवरून पाण्याची प्रकृती सांगता येते. मेफ्लाय, स्टोनफ्लाय आणि कॅडिसफ्लाय या कीटकांची पिल्ले पाण्यात वाढतात आणि त्यांतील बहुतेकांना प्राणवायू भरपूर विरघळलेले स्वच्छ पाणी लागते. ती विपुल सापडली तर ओढ्याचे बरे चालले आहे, असे मानायला हरकत नाही. याउलट कायरोनोमिड माश्यांच्या लालबुंद, दोऱ्यासारख्या अळ्यांखेरीज दुसरे फारसे काही हाती लागत नसेल, तर पाण्यातला प्राणवायू घटल्याचा संशय घ्यावा. या अळ्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनमुळे आलेला असतो, आणि त्याच्या जोरावर त्या गुदमरलेल्या चिखलातही तग धरतात. आपल्या रक्तातला पदार्थ चिखलातल्या अळीतही असतो, हे समजल्यावर सातवीच्या वर्गात काय गलका होतो, ते एकदा अनुभवून पाहावे. पाहून झाले की दगड होता तसा ठेवायचा, हेही त्याच तासात शिकवून होते.

हे एकदाच पाहिले तर ती केवळ गंमत ठरते. त्याच मुलांनी त्याच टप्प्यातले दहा दगड दर महिन्याला तपासून मोजदाद लिहून ठेवली, तर तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून प्रश्न मुलांकडून येऊ लागतात. मोठा पाऊस होऊन गेल्यावर सगळे किडे कोठे गेले? वरच्या वळणावर सापडतात ते खालच्या वळणावर का नाहीत? मधल्या पट्ट्यात कोणाचे सांडपाणी येऊन मिळते? या तिसऱ्या प्रश्नाशी संवर्धनाचे शिक्षण सुरू होते, आणि दोन दिवसांच्या सहलीत तेथवर पोहोचण्यास सवडच नसते.

या मताला संशोधनाचाही थोडा आधार आहे. १९८० साली थॉमस टॅनर यांनी अमेरिकेतील संवर्धन संस्थांच्या कार्यकर्त्यांना, आपण या कामाकडे कसे वळलो, असे विचारले. त्यांच्या उत्तरांत बालपणी निसर्गात घालवलेला वेळ ठळकपणे पुढे आला. पुढे लुईस चावला यांनी नॉर्वेत आणि अमेरिकेतील केंटकी राज्यात कार्यकर्त्यांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा त्याच्या जोडीला कुटुंबातल्या मोठ्या माणसांचा प्रभावही दिसून आला. म्हणजे नित्याची एक जागा आणि सोबतीला एक जाणते माणूस. अर्थात, या अभ्यासांना एक मर्यादा आहे : जी मुले रानावनात हिंडली आणि मोठेपणी या कामात पडली नाहीत, त्यांना हा प्रश्न कोणी विचारलेला नाही. तरीही पैसा थोडा असताना दोहोंतून एक निवडायचे झाले, तर मी नित्याची जागा निवडेन. सहल करायचीच असेल तर ती वर्षाच्या अखेरीस करावी, कारण ओढ्यावर वर्षभर नजर तयार झालेल्या मुलांना अभयारण्यात वाघ दिसला नाही तरी पुष्कळ काही दिसते.

प्रश्न : एका संस्थेकडे आम्ही प्रस्ताव पाठवला होता. त्यात रोपे, भिंगे, दोन दुर्बिणी, टोप्या आणि फलक यांचा खर्च धरला होता. संस्थेने ‘अंदाजपत्रक अपुरे आहे’ असा शेरा मारून तो परत केला. जास्त मागितल्यामुळे प्रस्ताव फेटाळल्याचे ऐकले होते. कमी मागितल्यामुळे फेटाळल्याचे प्रथमच पाहतो आहे. (एक विज्ञान शिक्षक)

उत्तर : ती संस्था जाणकार दिसते, तिच्याशी संबंध तोडू नयेत. आपली यादी पुन्हा वाचून पाहावी. त्यातली प्रत्येक वस्तू एका दिवसात विकत आणता येते, आणि ती आणल्याचे छायाचित्रही काढता येते. ज्या गोष्टींचे छायाचित्र निघत नाही, त्या सगळ्या राहून गेल्या आहेत.

रोपांचेच घेऊ. रोप लावण्यास काही मिनिटे लागतात. ते आपल्या पायावर उभे राहीपर्यंत निदान दोन-तीन वर्षे त्याची निगा राखावी लागते. शाळेला दीर्घ सुटी लागली की पाणी कोण घालणार, त्याला मेहनताना कोठून देणार, कुंपण कोण दुरुस्त करणार आणि मेलेल्या रोपांच्या जागी नवी कोणत्या खर्चातून लावणार, याची तरतूद आपल्या कागदावर कोठेही नाही. रोपांसाठी देणगी सहज मिळते, पाणी घालण्यासाठी मिळत नाही. कारण आपण ती मागतच नाही.

दुसरी राहिलेली बाब शिक्षकांच्या वेळेची. आपण तीस मुले घेऊन बाहेर गेलात, तर आपले इतर तास कोण घेणार? बदली शिक्षकाचे मानधन धरले नाही, तर सहकाऱ्यांच्या सौजन्यावर भार पडतो, आणि हे सौजन्य साधारणपणे सहामाहीपर्यंत पुरते. मुलांबरोबर निदान दोन प्रौढ हवेत, प्रथमोपचाराची पेटी हवी, विमा हवा, पालकांची लेखी संमती हवी. प्रशिक्षणही दोन शिक्षकांचे व्हावे, एकाचे नव्हे; प्रशिक्षित शिक्षक शाळा सोडून गेला की उपक्रम त्याच्याबरोबर जातो, हे मी इतक्यांदा पाहिले आहे की आता त्याचे आश्चर्य वाटत नाही.

तिसरी बाब वाहतुकीची. अमेरिकेत २०१५ साली ‘एव्हरी किड इन अ पार्क’ ही योजना सुरू झाली. तीत चौथीच्या मुलांना आणि त्यांच्या कुटुंबांना राष्ट्रीय उद्याने व इतर संघराज्यीय सार्वजनिक भूमीवर वर्षभर विनाशुल्क प्रवेश देण्यात आला. परंतु प्रवेश फुकट झाला म्हणून उद्यान जवळ येत नाही. तेथपर्यंत बसने नेण्याचा खर्च उरतोच, आणि त्यासाठी नॅशनल पार्क फाउंडेशनला शाळांना वेगळी मदत द्यावी लागली. प्रवासाचा खर्च झेपत नाही म्हणून मागे राहणारी मुले सहसा तीच असतात, ज्यांच्यासाठी योजना आखलेली असते. यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे चालत जाता येईल अशी जागा निवडणे. ते शक्य नसेल तर वाहतूक हा अंदाजपत्रकातला पहिला आकडा असावा, शेवटचा नव्हे.

आणखी एक अनुभव सांगतो. एका शाळेत पाणी तपासण्याची चांगली साधनपेटी देणगीतून आली. पहिल्या वर्षी मुलांनी उत्साहाने आम्लता, नायट्रेट, प्राणवायू असे सर्व काही मोजले. दुसऱ्या वर्षी पेटीतली रसायने संपली, उरलेल्यांची मुदत उलटली, आणि ती पुन्हा भरण्यासाठी कोणत्याच खात्यात पैसे नव्हते. पेटी अजून कपाटात आहे आणि तिच्या झाकणावर देणगीदाराचे नावही शाबूत आहे. तेव्हा प्रत्येक साधनापुढे त्याचा वार्षिक चालू खर्च लिहावा. हिशेब ठेवण्याचा, अहवाल लिहिण्याचा आणि दूरध्वनीचा खर्च ‘प्रशासकीय खर्च’ या नावाखाली सरळ दाखवावा. तो लपवून दुसऱ्या खर्चात घुसवला, तर लेखापरीक्षणात तो सापडतो आणि मग खऱ्या खर्चांवरही संशय घेतला जातो.

टोप्या मात्र वगळाव्यात. उन्हात टोपी हवीच, पण ती मुलांच्या घरी असते. नाव छापलेली टोपी ही देणगीदाराची जाहिरात आहे. ती हवी असल्यास त्याने आपल्या जाहिरातखर्चातून करावी.

प्रश्न : आमच्याकडे साधनांसाठी जवळजवळ काहीच पैसे नाहीत. अशा स्थितीत सुरुवात करावी की निधी मिळेपर्यंत थांबावे? (एक शिक्षिका)

उत्तर : थांबू नये. चार काठ्यांची एक मीटर लांब-रुंद चौकट जमिनीवर ठेवली, की तिच्या आत कोणत्या वनस्पती किती आहेत हे दर महिन्याला मोजता येते. वनस्पतिशास्त्रज्ञही हेच करतात. मोहरीची पूड पाण्यात कालवून ते पाणी मातीवर ओतले की गांडुळे वर येतात; ती मोजावीत, साध्या पाण्याने धुवावीत आणि परत सोडावीत. तळ्याच्या पाण्याचा गढूळपणा मोजण्यासाठी २० सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चतुर्थांशांत रंगवलेली आणि खाली वजन बांधलेली तबकडी दोरीने पाण्यात सोडतात आणि ती कोणत्या खोलीवर दिसेनाशी होते ते नोंदतात. ही युक्ती इटालियन खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेकी यांच्या १८६५ सालच्या प्रयोगांतून आली असून ती आजही वापरात आहे. सूक्ष्मदर्शक हवाच असेल तर मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेला, घडी घालून जोडायचा कागदी ‘फोल्डस्कोप’ पाहावा. २०१४ साली त्याचा आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यातल्या सुट्या भागांची किंमत एका डॉलरहून कमी होती.

सहा महिन्यांच्या नोंदी हाती असल्या, तर पुढे निधी मागणेही सोपे जाते.

प्रश्न : आम्ही एका लहान विश्वस्त निधीचे काम पाहतो. उपलब्ध रक्कम अनेक शाळांना थोडी थोडी वाटावी, की एकाच शाळेला भरघोस द्यावी, यावरून विश्वस्तांत मतभेद आहेत. शिवाय, मुद्दल खर्च करावे की त्याचा कायमनिधी करून केवळ उत्पन्न खर्चावे? (एक विश्वस्त)

उत्तर : लहान अनुदानांना मी कमी लेखणार नाही. अमेरिकेच्या १९९० सालच्या राष्ट्रीय पर्यावरण शिक्षण कायद्यात अशी तरतूद आहे की, अनुदानाच्या एकूण रकमेपैकी २५ टक्के रक्कम ५,००० डॉलर किंवा त्याहून लहान अनुदानांसाठी वापरली जावी. ही अट नसती तर सगळा पैसा सफाईदार प्रस्ताव लिहिणाऱ्या मोठ्या संस्थांकडे गेला असता आणि एकट्या शिक्षकाचा अर्ज तळाशी राहिला असता. चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडॉल यांच्या ‘रूट्स अँड शूट्स’ या मुलांसाठीच्या संवर्धन उपक्रमाची सुरुवातही १९९१ साली दार-ए-सलाममध्ये अवघ्या १२ विद्यार्थ्यांपासून झाली होती.

मात्र ‘लहान’ आणि ‘एकदाच’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि विश्वस्त मंडळे त्यांची नेहमी गल्लत करतात. माझा सल्ला असा की, रक्कम लहान ठेवावी, पण तीन वर्षांचे लेखी आश्वासन द्यावे. पहिल्या वर्षी शाळा चुका करते, दुसऱ्या वर्षी त्या सुधारते, आणि तिसऱ्या वर्षी उपक्रम वेळापत्रकात आपोआप येऊ लागतो. एकाच वर्षाचे अनुदान देणारा, थोडक्यात, फक्त चुकांचा खर्च उचलतो. तीस शाळांना एक वर्ष देण्याऐवजी दहा शाळांना तीन वर्षे द्यावीत. रक्कम तेवढीच लागते. अर्ज दोन पानांहून मोठा नसावा. लहान रकमेसाठी वीस पानी अर्ज मागणारे मंडळ शिक्षकाच्या वेळेची किंमत शून्य धरते.

शाळेनेही काही वाटा उचलावा अशी अट घालण्यास हरकत नाही. वर उल्लेखिलेल्या अमेरिकी कायद्यातही प्रकल्पखर्चाचा निदान चौथा हिस्सा अर्जदाराने संघराज्याबाहेरच्या स्रोतांतून उभा करावा लागतो, आणि तो रोख रकमेतच असावा असे बंधन नाही. पालकांचे श्रम, जागा, उसनी साधने हे सारे हिश्श्यात धरावे. रोख रकमेचाच आग्रह धरला, तर गरजू शाळा पहिल्या पायरीवरच गळतात.

कायमनिधीविषयी विश्वस्तांनी आधी गणित करून पाहावे. मुद्दलाची किंमत महागाईत टिकावी म्हणून दरवर्षी केवळ ४ टक्के काढायचे ठरवले, तर वार्षिक खर्चाच्या पंचवीसपट रक्कम अडकवून ठेवावी लागते. आपले मुद्दल लहान असेल तर त्याच्या उत्पन्नातून एका शाळेचीही गरज भागणार नाही. अशा वेळी दहा वर्षांत मुद्दलासह सर्व रक्कम खर्च करून निधी सन्मानाने बंद करणे अधिक फलदायी ठरते, असे माझे मत आहे. ते विश्वस्तांना रुचत नाही, याची मला कल्पना आहे. मंडळ संपले की विश्वस्तपदही संपते.

प्रश्न : आमच्या पालक संघाला देणगीदारांच्या मागे धावण्याचा कंटाळा आला आहे. दरवर्षी आपोआप येत राहील असा पैशाचा स्रोत कोणी निर्माण केल्याचे उदाहरण आहे का? तसेच, आमच्या गावच्या नदीत दूषित पाणी सोडणाऱ्या कारखान्याने आम्हाला निधी देऊ केला आहे. तो घ्यावा का? (पालक संघाचे चिटणीस)

उत्तर : पहिल्या प्रश्नाला एक चांगले उदाहरण आहे. अमेरिकेत १९३४ सालापासून पाणपक्ष्यांची शिकार करणाऱ्यांना दरवर्षी एक मुद्रांक विकत घ्यावा लागतो. त्याला बोलीभाषेत ‘डक स्टॅम्प’ म्हणतात, आणि त्याच्या उत्पन्नातून पाणथळ जागा खरेदी करून राखल्या जातात. पहिल्या मुद्रांकाचे चित्र जे. एन. ‘डिंग’ डार्लिंग या व्यंगचित्रकाराचे होते. १९९० च्या दशकात त्याला मुलांच्या मुद्रांकाची जोड मिळाली. मुले पाणपक्ष्यांचा अभ्यास करून चित्रे काढतात, स्पर्धेत निवडलेले चित्र मुद्रांकावर छापले जाते, आणि विक्रीतून येणारा पैसा संवर्धन शिक्षणासाठी वापरला जातो. यातून घेण्यासारखी युक्ती अशी की, आधीपासून नियमित चालणाऱ्या व्यवहाराला एक छोटी रक्कम जोडून द्यावी. पालक संघाच्या आवाक्यात बसेल असे म्हणजे, मुलांनी स्वतःच्या नोंदींवरून तयार केलेली परिसरातल्या पक्ष्यांची किंवा झाडांची दिनदर्शिका. ती दरवर्षी नवी लागते, आणि ती तयार करणे हाच अभ्यासाचा भाग होतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो. मुलांनी नदीचे पाणी तपासून जे निघेल ते जाहीर करण्याची मुभा कारखाना लेखी देणार असेल, तपासण्याची जागा शाळा ठरवणार असेल आणि पाठ्यसाहित्यात कारखान्याचा शब्द नसेल, तर विचार करता येईल. या तीन अटी ऐकल्यावर देणगीची चर्चा बहुधा तेथेच थांबते. थांबली तर वाईट वाटून घेऊ नये.

प्रश्न : आमची संस्था शाळांना निधी देते. मंडळ दरवर्षी ‘किती मुले, किती रोपे’ असे विचारते, आणि आम्हीही तसे तक्ते पाठवतो. या आकड्यांतून काही समजत नाही, असे मला वाटू लागले आहे. दुसरे काय मोजावे? (एक कार्यक्रम अधिकारी)

उत्तर : आपली शंका रास्त आहे. १९७७ साली तिबिलिसी येथे युनेस्कोने संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या सहकार्याने घेतलेल्या परिषदेत पर्यावरण शिक्षणाची उद्दिष्टे पाच गटांत मांडण्यात आली : जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्य आणि सहभाग. ‘किती मुले’ हा आकडा यांपैकी एकाही गटाचे मोजमाप करत नाही. तो फार तर हजेरी सांगतो. माहिती दिली की जाणीव येते आणि जाणीव आली की वागणे बदलते, ही सरळ साखळी पर्यावरण शिक्षणाचे अभ्यासक हॅरॉल्ड हंगरफोर्ड आणि ट्रूडी व्होल्क यांनी १९९० साली खोडून काढली. प्रश्न आपला वाटणे आणि त्यावर आपण काही करू शकतो असा भरवसा येणे, या दोन गोष्टींना त्यांनी मोठे महत्त्व दिले. म्हणून लेखी चाचणीतले वाढलेले गुण पाहून मंडळाने फार हुरळून जाऊ नये.

आकडेच हवे असतील तर असे मागावेत, की जे मिळवायला वेळ लागतो. लावलेली रोपे किती, हे न विचारता तीन वर्षांपूर्वी लावलेल्यांपैकी आज जिवंत किती, हे विचारावे. एकाच जागेला मुलांनी वर्षात किती वेळा भेट दिली, आणि नोंदवहीत खंड कोठे पडला, हे विचारावे. मुलांच्या नोंदी शाळेबाहेर कोणाच्या उपयोगी पडल्या का, तेही विचारावे. १९९५ साली सुरू झालेल्या ‘ग्लोब’ या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमात विद्यार्थी ठरावीक पद्धतीने हवा, पाणी, माती आणि वनस्पती यांची मोजमापे करतात आणि ती सामायिक नोंदसंग्रहात जमा होतात, जेथे शास्त्रज्ञही ती पाहतात. आपली नोंद कोणीतरी वाचणार आहे हे कळल्यावर मुले तापमापक नीट वाचू लागतात. एवढे मोठे जाळे नसले, तरी गावच्या पाणीपुरवठा समितीने मुलांचा तक्ता मागवून घेतला तरी पुरे.

याशिवाय, प्रत्येक शाळेकडून वर्षाअखेर दोन वह्या मागवून वाचाव्यात, पण त्या शिक्षकांनी निवडलेल्या नसाव्यात. हजेरीपटावरचे कोणतेही दोन क्रमांक आपणच सांगावेत. पहिल्या महिन्यातल्या ‘पाणी घाण आहे’ या नोंदीच्या जागी सहाव्या महिन्यात ‘पाणी हिरवट, तळ दिसत नाही, काल पाऊस नव्हता’ असे लिहिलेले आढळले, तर पैसे कामी आले असे मंडळाला सांगता येईल. छायाचित्रांचा आग्रह सोडावा. मुलांचे चेहरे आणि नावे अहवालात छापण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी लागते, आणि हातात रोप घेतलेल्या मुलाच्या चित्रावरून रोपाचे पुढे काय झाले ते कळत नाही.

अहवालाच्या नमुन्यात ‘यंदा काय फसले’ असा एक रकाना घालावा, आणि त्यात लिहिलेल्या कोणत्याही गोष्टीमुळे पुढचा हप्ता कमी केला जाणार नाही, हे त्याच्याच शेजारी छापावे. एखाद्या शाळेचा तो रकाना सलग दोन वर्षे रिकामा आला, तर आपण स्वतः तेथे जावे, आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत बसण्याआधी पटांगणातल्या एखाद्या मुलाला, ओढ्याकडे जायची वाट कोणती, असे विचारावे.